डावीकडची बकुळा

सोमवार, २ फेब्रुवारी २००९

लागली एकदाची नोकरी! महाडहून निघताना आईने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, रोज काय केलंस ते लिहीत जा, मे महिन्यात आलीस की वाचून दाखव. तर आई, पहिला दिवस झकास गेला.

कमलामावशीची खोली भायखळ्याला तिसऱ्या मजल्यावर. लहान आहे, पण गॅलरीतून वारा छान येतो. मावशी परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे, पक्षाघाताच्या वॉर्डात. सकाळी डबा देतानाच तिने सांगून टाकलं, इथे कुणाला घाबरायचं नाही आणि कुणाला फुकट मस्का लावायचा नाही.

ऑफिस परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. गिरणी संपापासून बंद. पुढच्या अर्ध्या भागात बिल्डरने काचेची बिल्डिंग उभी केलीय, मागे मात्र जुनी शेड आणि चिमणी तशीच आहे. त्या शेडमध्ये श्रीरंजन व्हिडिओ. जुन्या मराठी पिक्चरांच्या स्वस्त डीव्हीडी काढतात, एकात तीन तीन पिक्चर. दादरच्या फुटपाथवर आणि गिरगावात ज्या ढिगाने दिसतात ना, त्या इथल्याच. मालक नाना. सत्तरी उलटलेली, पांढराशुभ्र सदरा, आवाज मऊ. आधी ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, मग सिनेमात शिरले. आज रथसप्तमी, म्हणून त्यांनी डब्यातला शेवटचा तिळगूळ मला दिला. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. गिरणीने घेतली, असं स्वतःच हसत म्हणाले.

काम मला हितेंद्रने समजावलं. तो नानांचा भाचा, विक्रीचं सगळं तोच बघतो. जुना सिनेमास्कोप पिक्चर लांबलचक रुंद असतो आणि घरातला टीव्ही चौकोनी. पूर्ण चित्र दाखवायचं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. गिऱ्हाईक डीव्हीडी परत आणतं, म्हणतं, पट्ट्यांनी पिक्चर झाकलाय, खराब माल दिला. म्हणून आपण दोन्ही बाजू कापायच्या, मधला चौकोन ठेवायचा. पडदा कसा गच्च भरतो. कव्हरवर लाल चांदणीत लिहायचं, फुलस्क्रीन. गंमत म्हणजे पट्ट्यावाल्या चित्रात सगळं असतं आणि भरलेल्या पडद्यावरून जवळजवळ अर्धं गेलेलं असतं. हितेंद्र म्हणाला, पब्लिकला काय गेलं ते दिसतच नाही ना, मग गेलं कुठे?


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

हात बसला. एक पिक्चर संपवला, दुसरा चालू.

दिसतं तेवढं सोपं नाही. नुसता मधला चौकोन ठेवून चालत नाही. नवरा पडद्याच्या एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला असं भांडण असेल तर मध्ये नुसती भिंत उरते. मग चौकोन सरकवायचा. नवरा बोलतो तेव्हा त्याच्यावर, बायको रडली की तिच्यावर. प्रत्येक वेळी ठरवायचं, कोण महत्त्वाचं. जो बोलतो तो राहतो, गप्प उभा असतो तो जातो. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मोलकरीण, सासरा, दारातला वाटसरू, आज दिवसभरात पन्नासेक माणसं मी बाहेर काढली असतील. मावशीला सांगितलं तर तिला ते मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, ट्रे धरून उभं राहायला पण कुणीतरी घरून डबा बांधून गेलेलं असतं गं.

नाना दुपारी माझ्या मागे उभे राहून बघत होते. पोरीचा हात चांगला चालतो, असं हितेंद्रला म्हणाले.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मोठं काम मिळालं. नानांनी स्वतः काढलेला एकमेव पिक्चर, ‘भोंगा साडेसातचा’. चौऱ्याऐंशी सालचा, मराठीत त्या काळी सिनेमास्कोप म्हणजे केवढी हौस! थेटरात आठवडाभरच चालला होता. आता निगेटिव्हवरून नवी कॉपी करून आणलीय आणि गुढीपाडव्याला गिरगावातल्या एका हॉलमध्ये डीव्हीडीचं प्रकाशन आहे. चार जुनी मंडळी, सत्कार, शाल-श्रीफळ, सगळं.

हा पिक्चर नाना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. मला बोलावून म्हणाले, तूच कर. एकच सूचना दिली. शेवटून दुसरं गाणं गिरणीच्या साच्याखात्यात आहे, म्हणजे मागांच्या शेडमध्ये. त्या गाण्यात चौकोन उजवीकडे धरायचा, हिरोवर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलवायचा नाही. मी म्हटलं, डावीकडे पण मुली नाचताहेत ना? ते म्हणाले, डावीकडे काही नाही, बाळ. अंधारच आहे.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अंधार नाही.

नवी कॉपी करताना लॅबवाल्यांनी चित्र उजळून दिलंय. जुनी प्रिंट मी ताडून पाहिली, तिच्यात तो कोपरा काळाकुट्ट आहे, म्हणूनच थेटरात कुणाला काही दिसलं नसणार. नव्यात सगळं लख्ख दिसतं.

गाणं याच शेडमध्ये घेतलंय. मी जिथे बसते तिथले खांब ओळखता येतात. संप चालू होता, गिरणी बंद होती, पण देखाव्यासाठी माग फिरवणारा वरचा दांडा आणि चामड्याचे पट्टे चालू केलेले. हिरो उजवीकडे. हिरव्या नऊवारीतल्या सात मुली. सगळ्यात डावीकडची एकोणीस-वीस वर्षांची असेल, गोल चेहऱ्याची. ती गिरकी घेते, तिचा पदर पट्ट्यात जातो. ती दोन्ही हात गळ्याशी नेते. तोंड उघडतं. आवाज येत नाही, कारण वर गाणं आहे. बाकीच्या सहा जणींची पाठ तिच्याकडे. ती पायांवरून उचलली जाते आणि मागांच्या मागे जाते. एकूण चार सेकंद.

आणि त्या चार सेकंदांत अगदी कडेला एक हात चौकटीत येतो. मशीन थांबवायला नाही. तो हात हवेत गोल गोल फिरतो, चालू ठेवा, चालू ठेवा. त्या हाताची करंगळी अर्धी आहे.

मी किती वेळा बघितलं ते मोजलं नाही. डबा खाल्ला नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

नानांना विचारलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी दार लोटून घेतलं, मला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं. तिचं नाव बकुळा. लालबागची, संपावरच्या एका कामगाराची मुलगी. त्या दिवशी तिला लागलं होतं हे खरं, पण थोडंसंच. मलमपट्टी केली. ती बरी झाली आणि महिन्याभराने कुणाबरोबर तरी सुरतेला पळून गेली. आता हे चित्र बाहेर आलं तर तिच्या म्हाताऱ्या आईच्या जिवाला घोर लागेल. वर ते असंही म्हणाले की पिक्चरवर संकलक म्हणून माझं नाव टाकू, आणि पाडव्यापासून मी कायम.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “डावीकडे कुणी नव्हतंच, असं समज. आणि काप.”

मला खरं वाटलं का? नाही. तिची मान मी बघितलीय. महिन्याभराने पळून जाणाऱ्या माणसाची मान तशी लोंबत नाही.

चार वाजता कापलं. चौकोन उजवीकडे धरला, गाणं संपेपर्यंत हलवला नाही. पडदा भरला. माझं नाव छान मोठं आलंय, हिरोच्या नावाच्या खालोखाल नाही, पण दिसण्यासारखं. मावशीला पेढे नेले. कसले ते सांगितलं, पण सगळं नाही सांगितलं.


सोमवार, २ मार्च

आज बकुळाची आई आली.

नाना आणि हितेंद्र दोघे बाहेर गेले होते. एक सत्तरीची बाई येऊन बाकावर बसली, हाताची बोटं लालभडक. मालनबाई. लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्यांची देठं काढायला बसते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथे येते आणि नानांना विचारते, बकुळाचं काही कळलं का. पंचवीस वर्षं. नाना दर वेळी चहा देतात आणि म्हणतात, शोध चालू आहे.

मी पाणी दिलं तर ती बोलत बसली. पोरगी पळाली म्हणून चाळीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. नवरा संपाने आधीच खचला होता, या गोष्टीनंतर तो भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला आणि दोन वर्षांत गेला. धाकटीचं लग्न तीनदा मोडलं. हे सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “माझां चेडू पळान गेलां नाय. जेणी तेका नेल्यान, तेच्या डोळ्यांसमोर तां रोज उभां रवांदे. दुसरां मी काय मागणंय नाय.”

तिने मला विचारलं, तू हल्लीच लागलीस, तुझ्या कानावर काही आलंय का.

माझ्या मागच्या कपाटात मूळ रुंद चित्राची हार्डडिस्क होती. दोन हातांवर.

मी नाही म्हटलं.


गुरुवार, ५ मार्च

पाडव्याच्या डीव्हीडीची पहिली प्रत तपासायला आली. गाणं लावलं. हिरो नाचतोय, पडदा भरलेला. आणि डाव्या कडेला हिरवी साडी.

माझीच चूक असेल. चौकोन थोडा डावीकडे राहिला असेल. आणखी उजवीकडे सरकवून पुन्हा काढला.


शुक्रवार, ६ मार्च

बकुळा अजून आहे. काल कडेला खांदा होता, आज अर्धा चेहरा आहे. मी हिरोचं अर्धं अंग कापण्याइतकी उजवीकडे गेले. तरी.

मग मूळ रुंद चित्र उघडलं. त्यात मुली सहाच आहेत. डावीकडची जागा रिकामी. पट्टा फिरतोय, खाली कुणी नाही.

हितेंद्रला दाखवलं. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, काय बघायचंय, हिरो तर मस्त दिसतोय. त्याला खरंच दिसत नव्हतं.


गुरुवार, १२ मार्च

काल धुळवडीची सुट्टी होती. आज हितेंद्र ऑफिसला आला तो चेहऱ्याच्या डाव्या बाजूला हिरवा-जांभळा रंग तसाच घेऊन. उजवी बाजू स्वच्छ धुतलेली, दाढी केलेली, केस विंचरलेले. नाकाच्या मधोमध सरळ रेघ. सगळ्यांना वाटलं मस्करी करतोय. मी आरसा पुढे धरला. त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, साफ तर आहे, क्या टाइमपास करतेस.

चहाचा कप डावीकडे ठेवला होता. तो दहा मिनिटं चहा मागत राहिला.

दुपारीच मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, वॉर्डात असे पेशंट असतात, मेंदूला मार बसला की त्यांच्यासाठी जगाची डावी बाजूच उरत नाही. ताटातलं अर्धंच जेवतात आणि उपाशी ठेवलं म्हणून रडतात. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा म्हणावं. मी तसं सांगितलं, तो गेला सुद्धा. डोळे, डोकं, सगळं तपासलं. काही निघालं नाही.


सोमवार, १६ मार्च

हितेंद्र गेला.

सकाळी अकरा वाजता, गेटच्या बाहेर, रस्ता ओलांडताना. डावीकडून टेम्पो येत होता, हॉर्न वाजवत होता, लोक ओरडत होते. वॉचमन म्हणाला, त्याने मान सुद्धा वळवली नाही. आणि तो एकटा नव्हता. हिरव्या साडीतली एक बाई त्याच्या डाव्या हाताला धरून चालत होती, अशी की जणू पोराला शाळेत नेतेय.


शुक्रवार, २० मार्च

नानांचा सदरा डाव्या खांद्यावरून लोंबत होता. बाहीत हातच घातलेला नव्हता. दाढी अर्धी. ताटात उजवीकडची भाजी, पोळी संपलेली आणि डावीकडचा भात, आमटी तशीच, आणि ते विचारताहेत, भात का नाही वाढला.

मला आत बोलावलं. आज त्यांच्या आवाजातला मऊपणा नव्हता. म्हणाले, हितेंद्र तेव्हा वीस वर्षांचा होता. पाय त्याने धरले होते. मी तर काही विचारलंच नव्हतं, तेच बोलत होते. कुठे नेलं तेही मी विचारलं नाही.

मी म्हटलं, नाना, प्रकाशन नको, मालनबाईंना सांगून टाकू. ते माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघत बोलले. पंचवीस वर्षं सांभाळलंय, आता चार सेकंदांसाठी तोंड काळं करून घेऊ? तूच कापलंस. तुझं नाव आहे त्यावर.


शुक्रवार, २७ मार्च, पाडवा

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

हॉल भरलेला. सकाळचे साडेअकरा. दाराला आंब्याची पानं, झेंडूचं तोरण. नानांचा सत्कार झाला, कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. ते पहिल्या रांगेत बसले आणि मी त्यांच्या उजवीकडे. मग मोठ्या पडद्यावर तेच गाणं लावलं, मी कापलेल्या डीव्हीडीवरून.

हिरो नव्हता. बकुळा पडद्याच्या मधोमध होती. पडदा गच्च भरला होता तिच्या चेहऱ्याने. मान एका खांद्यावर पडलेली. ती नानांकडे बघत होती. तिने हात वर केला आणि हवेत गोल गोल फिरवला. चालू ठेवा. चालू ठेवा.

शालीचं डावं टोक ताठ झालं. डावीकडच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. आधी लोक हसले, त्यांना वाटलं शाल अडकलीय. नानांनी दोन्ही हात गळ्याशी नेले. तीन माणसं ओढत होती, शाल सुटत नव्हती. कुणीतरी ओरडलं म्हणून प्लेअरची वायर उपटली. पडदा काळा झाला. गाणं चालूच राहिलं. संपेपर्यंत.

नाना शेवटी डावीकडे बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना दिसलं.

डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं.

मला रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मालनबाईंनी मागितलं तेच झालं असं वाटलं. वाटलं, संपलं.


सोमवार, ३० मार्च

ऑफिसला कुलूप आहे, चावी माझ्याकडे. एकदा जाऊन रुंद चित्र बघून आले.

हिरो उजवीकडे. मुली सहा. डावीकडे पट्ट्याखाली नाना उभे आहेत, अंगावर शाल. त्यांच्या शेजारी हितेंद्र, अर्धं तोंड हिरवं. दोघे माझ्याकडे बघतात, पापणी न हलवता.

त्यांच्या शेजारी अजून एका माणसाची जागा आहे.


गुरुवार, २ एप्रिल

मावशी ताट उचलायला आली आणि थांबली. विचारलं, भात का टाकलास.

भात वाढलाच नव्हता.

तिने ताट अर्धं फिरवून ठेवलं. भात होता.

तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मग तिने ही वही उघडली. मला म्हणाली, गेल्या आठवड्यापासून तू फक्त उजव्या पानावर लिहितेयस, डावी सगळी पानं कोरी. मला वहीला एकच पान दिसतं. तिला मी सगळं सांगितलं, तिळगुळापासून. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, त्या बाईला तेव्हाच सांगायला हवं होतंस, त्या पहिल्या सोमवारीच. आता तरी जा.


सोमवार, ६ एप्रिल

गेले. पहिला सोमवार.

मिरची गल्लीत ठसका लागत होता. मालनबाई ऑफिस बंद पाहून परत येऊन कामाला बसल्या होत्या. त्यांना हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेले आणि हार्डडिस्क लावली. मनात बकुळाला म्हणत होते, बाई गं, तुझ्या आईला तरी खरं दाखव.

दाखवलं. सात मुली. डावीकडे बकुळा. पदर, पट्टा, तो हात. आणि चार सेकंदांनी तुकडा थांबला नाही. जे कुणी कधी चित्रित केलं नव्हतं तेही दिसलं. हितेंद्र पाय धरून, नाना खांदे धरून, शेडच्या मागे. गिरणीचा पाण्याचा हौद. पाणी. आता तिथे सिमेंट घातलंय आणि स्कूटर लावतात.

मालनबाई शेवटपर्यंत बसून होत्या. पडद्यावर हात फिरवला. काचेवर मिरचीचे लाल ठसे उमटले. मग विचारलं, “तुका कधी कळलां?”

तेरा फेब्रुवारीला, म्हटलं.

“म्हणजे मी इलंय तेव्हा तुका म्हायत होतां.”

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही सांगा तिला, मला सोड म्हणून. तुमचं ऐकेल. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, सावकाश, जसा कुणी परक्याला वाट देतो.

“तेचां नि तुझां काय तां तुमीच बघा. मी मदी पडूचंय नाय.”

आणि हार्डडिस्क पदरात बांधून त्या पोलीस स्टेशनला गेल्या. एकट्या.


शुक्रवार, १० एप्रिल

सिमेंट फोडलं. मावशी बघून आली, मला नेलं नाही. हाडं मिळाली, हिरव्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. सगळी मिरची गल्ली आली होती. मालनबाई हौदाच्या काठावर बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, पळाली नव्हती माझी, बघा, पळाली नव्हती.

बाहेर आली बकुळा. आता तरी —

मावशी मला उजव्या बाजूनेच हाक मारते. डावीकडून मारली तर ऐकू येत नाही म्हणते.


रविवार, १२ एप्रिल

वॉर्डातल्या डॉक्टरांनी तपासलं. काही नाही. सगळं ठीक.

डावा पाय कुठे पडतो कळत नाही. डावा हात माझा आहे का — सकाळी गार लागला. कुणाचा तरी हात अंथरुणात आहे म्हणून मी ढकलत होते. मावशीने धरून दाखवला. तुझाच आहे.

एकदा तो आपोआप वर झाला. गोल फिरला.

बकुळाची माफी मागते. दिवसभर मागते. ऐकते असं वाटतं.


मंगळवार, १४ एप्रिल

आज बाबासाहेबांची जयंती. चाळ सगळी दादरला, चैत्यभूमीवर. मावशी जाणार नव्हती, मीच पाठवलं. तासाभरात येते म्हणाली. दार लोटून गेली, कडी नाही लावली.

दुपारचं ऊन आहे. खाली लाउडस्पीकर. घाबरण्यासारखं काही नाही.

पाण्याचा आवाज येतोय. नळ तर आता नसतो —

जावं गॅलरीत. उठले. दार कुठे गेलं? खिडकी आहे, बुद्धाची तसबीर, पलंग, मोरी. दार नाही. दार डावीकडे. माहीत आहे डावीकडे. उजवीकडून पूर्ण गोल फिरले. खिडकी, तसबीर, पलंग, मोरी. पुन्हा फिरले. खिडकी, तसबीर, पलंग —

आता मोरी नाही.

पुन्हा. खिडकी. तसबीर.

हाका मारतेय. खाली गाणी मोठी आहेत.

भिंतीला टेकून उजव्या हाताने लिहितेय. डावा पुढे केलाय. दिसत नाही, पण चाचपतोय. कडी खांद्याच्या उंचीवर असते. लाकूड लागलं. दारच आहे. थोडं वर. कडी —

नाही, कडी नाही. गार आहे. ओलं आहे. केस आ